गार पाणी कानातून मेंदूत जात नाही

थंडी पडली की आपल्या जळगाव-धुळ्याच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो: कयाक (वल्ह्याची छोटी होडी) उलटून कानात गार पाणी गेलं की ते मेंदूत चढतं म्हणून चक्कर येते, दमदार आणि पट्टीच्या पोहणाऱ्याला काही होत नाही, आणि झालंच तर कानात गरम तेल सोडा. तापी-गिरणेच्या धरणांवर, तोरणमाळला पाण्यात उतरणारी आपली पोरं हे खरं धरतात भो, म्हणून लिहितोय.

पाणी मेंदूत चढतं हे साफ खोटं. कानाचा पडदा धड असेल तर पाणी तिथंच अडतं, आत पोचतो तो फक्त गारठा. आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धगोल नळ्या असतात, त्यातली आडवी नळी बाहेरच्या बाजूला जवळ पडते, तिच्यातला द्रव एका बाजूनं गार झाला की जड होतो आणि खाली सरकतो, डोकं हललेलं नसतं पण मेंदूला निरोप जातो की गरगर फिरतंय. बसलेलं असताना ही नळी जवळपास आडवी, त्यामुळे फार जाणवत नाही, पण पाण्यात पाठीवर आडवं झालं की ती उभी होते. त्यात एकाच कानात पाणी जास्त गेलं, दुसऱ्यात मळ असला, की दोन्हीकडचे निरोप जुळत नाहीत.

आता दमदार पोहणाऱ्याला काही होत नाही म्हणतात, त्याचं. व्हिएन्नाचे कानाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी कान धुताना पाणी गार असलं की पेशंटला चक्कर येते आणि डोळे एका दिशेला हलतात हे बघत होते, गरम असलं की डोळे उलट्या दिशेला हलायचे, याच कामावर त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं. आजही कानाचे डॉक्टर ३० आणि ४४ अंशाचं पाणी सोडून तपासतात, आणि चक्कर आली नाही किंवा एका कानाला कमी आली तर कानावर शंका घेतात. म्हणजे ती निरोगी माणसालाही येते, आणि ३० अंशाचं पाणी तर हाताला फारसं गारही लागत नाही.

तेल अजिबात नको. गरम तेलानं कान भाजतो, वर गरमपणानं पुन्हा उलट दिशेची चक्कर, आणि पडद्याला भोक असेल तर ते थेट मधल्या कानात.

चक्कर सहसा एक-दोन मिनिटांत उतरते, तेवढा वेळ पोहायचा प्रयत्न करू नका कारण वर-खाली कळत नाही, लाईफ जॅकेटला तुम्हाला वर आणू द्या, बोट धरा, काठावरच्या एका झाडावर नजर ठेवा. आधीच इअरप्लग किंवा कान झाकणारी निओप्रीनची (रबरासारख्या कापडाची) टोपी घाला. कान वाहत असेल त्यानं डॉक्टरला विचारल्याशिवाय उतरूच नये, आणि चक्कर तासभर राहिली किंवा ऐकू कमी आलं तर त्याच दिवशी कान-नाक-घसावाल्याकडे जा.