ग्रेडचा फ्लेक्स आणि आमचं कॉलेज

आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत एकदा नॅकवरून, म्हणजे कॉलेजांची तपासणी करून श्रेणी देणाऱ्या संस्थेवरून, जुंपली आहे. ए, बी प्लस प्लस वगैरे श्रेणी बंद करून फक्त 'मानांकित' किंवा 'मानांकित नाही' एवढंच सांगायचं, असं नॅकनं २०२४च्या सुरुवातीला जाहीर केलं. तेव्हापासून ग्रुपवरचे निवृत्त आणि निवृत्तीला टेकलेले सर बेचैन आहेत. ग्रेडच गेली तर खान्देशातल्या कॉलेजनं पुण्या-मुंबईसमोर कशाच्या जोरावर उभं राहायचं, असा त्यांचा सवाल. मी इथे जर्मनीत बसून लिहिलं, ग्रेड गेलेलीच बरी. त्यावर भुसावळच्या एका वर्गमित्राचं उत्तर आलं, ''तुले काय समजस तठे बशीसन?''

झोंबलं. म्हणून सविस्तर लिहितो.

सीजीपीए, म्हणजे सरासरी गुणांक, ३.०० आला तर बी प्लस प्लस, ३.०१ आला तर ए. एवढ्याशा फरकावर बसस्टँडसमोरचा फ्लेक्स ठरायचा. संस्थेचे अध्यक्ष, चेअरमन, प्राचार्य, सगळ्यांचे फोटो, खाली 'हार्दिक अभिनंदन'. श्रेणीवर अनुदानाच्या योजना आणि स्वायत्तता अवलंबून असायची हे मला ठाऊक आहे, त्यामुळे नुसती हौस म्हणून कोणी हे करत नव्हतं. पण मोजमाप बक्षीस झालं की मोजणाऱ्याला खूश करण्याकडेच सगळ्यांचं लक्ष जातं. श्रेणीच्या पद्धतीत नॅकच्या सात निकषांत सगळ्यात जास्त वजन शिकवण्या-शिकण्याला होतं, संलग्न कॉलेजांसाठी १००० पैकी ३५०. कागदावर याहून शहाणपणाची गोष्ट नाही.

प्रत्यक्षात काय होतं ते आमच्या बॅचनं पाहिलंय. नॅकची कमिटी तपासणीला यायच्या आठवड्यात फिजिक्सच्या लॅबमध्ये एक ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारं यंत्र, अवतरला. कपाटातला होता म्हणे. त्यावरचं प्लास्टिकचं कव्हरसुद्धा निघालं नव्हतं. सरांनी ते काढलं, हातरुमालानं पडदा पुसला आणि आम्हाला सांगितलं, ''विचारलं तर म्हणायचं, रोज वापरतो.'' गेटवर लेझीम, औक्षण, भाड्याच्या कुंड्या, दुपारी जेवायला भरीत आणि कळण्याची भाकरी. कमिटीची गाडी फाट्यावरून वळली आणि ऑसिलोस्कोप पुन्हा कव्हर घालून कपाटात. तो चालू झालेला मी पहिल्यांदा पाहिला तो इथे, जर्मनीत आल्यावर.

मी ऱ्हाईनकाठच्या एका होखशूलेत, म्हणजे इथल्या उच्चशिक्षण संस्थेत, प्रयोगशाळा सांभाळतो. आमच्या मास्टर्सच्या अभ्यासक्रमाचं ॲक्रेडिटेशन, म्हणजे तपासून मान्यता देणं, झालं तेव्हा कमिटी आली होती: बाहेरचे प्राध्यापक, कंपनीतली एक बाई आणि एक विद्यार्थी. हा विद्यार्थी शोभेचा नव्हे. प्रत्येक कमिटीत तो असलाच पाहिजे असा नियम आहे. दुसऱ्या विद्यापीठातला, कानात बाळी, सायकलचं हेल्मेट टेबलावर. त्यानं आमच्या डीनना विचारलं, या मॉड्यूलला पाच क्रेडिट दिलेत, म्हणजे १५० तास. पोरांना प्रत्यक्षात किती लागतात, कधी विचारलंय का? डीन थर्मासमधली कॉफी ओतत राहिले. शेवटी अहवालात त्याच मुद्द्यावर अट आली, वर्षभरात पूर्ण करायची. ग्रेड नाही, त्यामुळे फ्लेक्सचा प्रश्नच नाही. मान्यता आठ वर्षांची. संध्याकाळी सगळे आपापल्या बानची, म्हणजे रेल्वेची, वाट बघत प्लॅटफॉर्मवर उभे, उशिराची घोषणा ऐकत.

नॅकनंही २०१७च्या बदलांत विद्यार्थ्यांच्या समाधानाचा सर्व्हे आणला, हे ग्रुपवर एका सरांनी लगेच दाखवून दिलं. बरोबर आहे. पण ईमेलवर आलेला फॉर्म भरणं वेगळं आणि प्राचार्यांच्या समोर खुर्ची टाकून बसणं वेगळं. श्रेणी जाऊन 'आहे-नाही' आलं तरी त्या खोलीत पोरगं बसणार नसेल, तर लॅबमधलं कव्हर तेवढ्यापुरतंच निघेल.

इथे सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. आमच्या होखशूलेतलेच प्राध्यापक ॲक्रेडिटेशनचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात. खर्च, कागद, तपासणी करणाऱ्या एजन्सीवाल्यांची भाषा. प्रकरण इथल्या घटनात्मक न्यायालयापर्यंत गेलं होतं. अभ्यासक्रमांचा दर्जा ठरवण्याचे मूळ नियम कायदेमंडळानं करायचे असतात, एजन्सींवर सोडून चालणार नाही, असं न्यायालयानं २०१६ मध्ये बजावलं. मग सगळ्या राज्यांनी मिळून करार केला आणि २०१८ पासून मान्यतेचा निर्णय एजन्सीकडून काढून ॲक्रेडिटेशन परिषदेकडे दिला. एजन्सी आता फक्त अहवाल देते. आपल्याकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्रातल्या एका अभिमत विद्यापीठाला चांगली श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयनं नॅकच्या कमिटीतल्याच लोकांना अटक केली. त्याआधी २०२३ मध्ये भूषण पटवर्धन यांनी गैरप्रकारांबद्दल बोलत नॅकच्या कार्यकारी समितीचं अध्यक्षपद सोडलं होतं. यावर ग्रुपवरची तरुण मंडळी म्हणतात, सगळे चोर, नॅकच बंद करा. हे म्हणणं मला सरांच्या रडगाण्याइतकंच आळशी वाटतं. तपासणीच नसती तर तो ऑसिलोस्कोप विकतही घेतला गेला नसता.

आणखी एक सांगतो, त्यानं सरांना वाईट वाटेल. मी इकडे यायला अर्ज केला तेव्हा आमच्या कॉलेजची ग्रेड कोणीही विचारली नाही. इथली मंडळी परदेशी विद्यापीठांची आनाबिन नावाची यादी उघडतात, तुमच्या विद्यापीठाच्या नावापुढे एच प्लस, म्हणजे मान्यता असल्याची खूण, आहे का बघतात आणि पुढे जातात. कॉलेजचं नाव त्या यादीत शोधायचंच नसतं. पदवी विद्यापीठाची, अभ्यासक्रम विद्यापीठाचा, पेपर विद्यापीठाचा. पुढे एकदा कागद पुन्हा दाखवायची वेळ आली तेव्हा खिडकीतल्या बाईंना प्रश्न पडला की प्रमाणपत्रावरचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आणि यादीतलं बहिणाबाई चौधरींचं नाव लावलेलं विद्यापीठ एकच कसं. २०१८ मध्ये नाव बदललं, बहिणाबाई आमच्या भागातल्या कवयित्री, असं मी तुटक्या जर्मनमध्ये सांगत बसलो. ''आख सो,'' म्हणून त्यांनी शिक्का मारला. मला अजून बरंच सांगायचं होतं.

हे सगळं एवढ्या तावातावानं लिहिणाऱ्याला गेल्या वर्षी कॉलेजातून फोन आला. आयक्यूएसीचं, म्हणजे कॉलेजातल्याच दर्जा बघणाऱ्या विभागाचं, काम बघणारा, आम्हाला ज्युनियर असलेला एक मुलगा. ''दादा, निकष पाचमध्ये माजी विद्यार्थी दाखवायचेत. तुमचा लॅबमधला फोटो पाठवा, जिओ-टॅग पाहिजे. लॅटिट्यूड-लाँगिट्यूड दिसलं नाही तर डीव्हीव्हीमध्ये, म्हणजे माहितीच्या पडताळणीत, क्वेरी येते.'' मी एका शनिवारी, कुणी नसताना, लॅबमध्ये गेलो. मोबाइलमध्ये ॲप टाकलं, केस नीट केले, पोटात श्वास ओढून फोटो काढला. मागे ऑसिलोस्कोप येईल असा कोन धरला, हेही सांगून टाकतो. नंतर कॉलेजच्या वेबसाइटवर ती पीडीएफ शोधून काढली. नावाचं स्पेलिंग चुकलंय, खाली अक्षांश-रेखांश, देश जर्मनी. बायकोला दाखवली, आईला पाठवली. आईनं ती धुळ्याच्या मामांना पाठवली.

इथे माझी नोंद असते ती टॅक्सच्या कागदावर आणि आउसलेंडरबेहोर्डेच्या, म्हणजे परदेशी लोकांच्या कार्यालयाच्या, फायलीत, मुदतीसकट. या एका पीडीएफमध्ये मी कोणाचा तरी आहे असं दाखवलंय, आणि तेही त्या दिखाव्याच्या फायलीत, जिच्यावर मी वर एवढा वेळ तोंडसुख घेतलं. ग्रेड गेली तरी माजी विद्यार्थ्यांची फाईल राहू द्या, असं मला मनातून वाटतं. ग्रुपवर हे मी लिहिणार नाही.

तो मुलगा सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, आहे. तासाचे पैसे, सुट्टीत तेही नाहीत, वर्षावर्षाची ऑर्डर. सातही निकषांच्या फायली त्याच्याच लॅपटॉपवर. फोन ठेवताना त्यानं हळूच विचारलं, ''दादा, तिकडे पीएचडीला काही जमंल का?'' मी प्राध्यापकांना ईमेल, भाषेची परीक्षा असं सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ''नॅक होऊ द्या, मग बघतो.''