भाजलेल्या हातावर वीस हजारांचं क्रीम

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात नाशिकला मावशी चकल्या तळत होती. कढईत सोडताना एक चकली तुटली आणि कडकडीत तेल तिच्या उजव्या पंजावर उडालं. गॅस बंद करून ती नळाकडे गेली नाही, कपाटाकडे गेली. मावसभावाने दुबईहून आणलेली ‘क्रेम द ला मेर’ची पांढरी डबी तिथे होती. 30 मिलीची डबी, किंमत वीस हजारांच्या आसपास. त्यातलं बोटभर क्रीम काढून तिने भाजल्या जागी थापलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर फोडांच्या कडेचा तो चिकट थर पुसून काढत होते आणि ती ओठ घट्ट मिटून डोळ्यांतून पाणी काढत होती. मी शेजारीच उभी होते.

तिला हे कुणी शिकवलं? भिशीच्या ग्रुपवरच्या एका फॉरवर्डने. आमच्या आजोळच्या ग्रुपवरही तो तीनदा येऊन गेलाय, म्हणून आता लिहायला बसले. त्याचा मजकूर थोडक्यात असा: नासाच्या एका शास्त्रज्ञाचा चेहरा स्फोटात भाजला, त्याने समुद्री शेवाळाचं हे क्रीम बनवलं आणि चेहरा पूर्ववत झाला, म्हणून भाजल्यावर लगेच हेच लावा. व्हॅसलिन पेट्रोलपासून बनतं, ते फेकून द्या. स्वस्त क्रीममधली 60 टक्के केमिकल 26 सेकंदांत रक्तात जातात. या क्रीममध्ये पेट्रोलियमचा अंशही नाही, यातलं कोलॅजन त्वचेत खोल मुरतं, वांग जातात आणि सनस्क्रीनची गरज उरत नाही.

नासाचं आधी उरकते. मॅक्स ह्युबर नावाचा माणूस होता. तो भाजला, 12 वर्षं आणि 6,000 प्रयोग करून त्याने आंबवलेल्या समुद्री शेवाळाचा अर्क तयार केला, ही कंपनी स्वतः सांगते ती कथा. 1995 मध्ये एस्टी लॉडर या सौंदर्यप्रसाधनांच्या अमेरिकी कंपनीने हा ब्रँड विकत घेतला आणि कथाही त्याबरोबर जगभर गेली. एका माणसाचा स्वतःबद्दलचा अनुभव म्हणून ती ऐकावी. पण त्यावरून ‘भाजल्यावर लगेच हेच लावा’ हे कुठून आलं? कंपनी हे क्रीम भाजल्यावरचं औषध म्हणून विकत नाही. आपल्याकडे 1940 च्या कायद्याने औषध वेगळं आणि सौंदर्यप्रसाधन वेगळं. हे दुसऱ्या खान्यातलं आहे. औषध त्याला फॉरवर्ड लिहिणाऱ्याने बनवलं.

भाजल्यावर करायची गोष्ट एकच आहे आणि ती फुकट आहे: नळाचं साधं गार पाणी, वाहतं, सलग 20 मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, कुठलंही क्रीम नाही. अंगठी-बांगड्या सूज यायच्या आत काढायच्या. पहिली काही मिनिटं हुकली तरी तीन तासांच्या आत हे पाणी उपयोगी पडतं. भाजलेल्या त्वचेतली उष्णता बाहेर पडायला हवी असते, आणि नेमकं तेव्हाच वर तेलकट थर दिला की ती आत कोंडते. शिवाय जखम किती खोल आहे हे बघायला डॉक्टरांना तो थर खरवडावा लागतो. मावशी 38 वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई आहे. ती भोळी नाही. पण ‘नासा’ आणि ‘भाजलेला चेहरा’ हे शब्द घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात बरोबर त्याच क्षणी वर येतात, आणि म्हणूनच मला या फॉरवर्डचा इतका संताप आहे.

आता व्हॅसलिन. मावशीने त्या फॉरवर्डवरून घरातली व्हॅसलिनची डबी खरंच कचऱ्यात टाकली होती. मी ला मेरचं खोकं उलटं करून तिच्यासमोर धरलं आणि घटकांची यादी मोठ्याने वाचली. पहिलं शेवाळाचा अर्क. दुसरं मिनरल ऑइल. तिसरं पेट्रोलॅटम. पेट्रोलॅटम म्हणजेच पेट्रोलियम जेली, म्हणजे व्हॅसलिनच्या डबीत असतं तेच. मिनरल ऑइलही खनिज तेलातूनच येतं. पुढे ग्लिसरीन, मायक्रोक्रिस्टलाइन मेण, लॅनोलिन अल्कोहोल. यादीत ज्याचं प्रमाण जास्त त्याचं नाव आधी येतं. ज्या क्रीममध्ये पेट्रोलियमचा अंशही नाही म्हणून सांगतात, त्याच्या पहिल्या तीन घटकांतले दोन पेट्रोलियमचे आहेत! लिहिणाऱ्याने खोक्याची मागची बाजू एकदाही वाचलेली नाही.

आणि हे घटक वाईट नाहीतच. पेट्रोलॅटम त्वचेवर झाकणासारखं बसतं आणि आतलं पाणी उडू देत नाही. त्या कामात त्याच्या तोडीचं फार थोडं आहे. अमेरिकेतली त्वचारोगतज्ज्ञांची संघटना तर किरकोळ भाजल्यावर जागा गार करून झाली की पेट्रोलियम जेलीच लावायला सांगते. म्हणजे मावशीने जी टाकून दिली तीच डबी दुसऱ्या दिवसापासून कामाला आली असती.

अर्धं सत्य आहे ते मान्य करते. पेट्रोलियम जेली खनिज तेलापासून येते, आणि नीट शुद्ध केलेली नसेल तर तिच्यात घातक संयुगं राहू शकतात. म्हणून युरोपात शुद्धीकरणाची पूर्ण माहिती असल्याशिवाय ती प्रसाधनांत वापरता येत नाही. तेव्हा सुटी, बिननावाची जेली घेऊ नये, इथवर ठीक.

60 टक्के आणि 26 सेकंदांचं उत्तर मावशीच्याच घरात आहे. काका रोज सकाळी पोटात सुई टोचून इन्सुलिन घेतात. त्वचेतून सगळं असं झटकन रक्तात जात असतं तर ते चोळूनच लावलं असतं. बोस आणि माइनार्डी या दोन संशोधकांचा 2000 साली ‘एक्सपेरिमेंटल डर्मॅटॉलॉजी’ या त्वचाशास्त्राच्या नियतकालिकात आलेला लेख इथे पुरेसा आहे. साधारण 500 डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं माप) मोठा रेणू धडधाकट त्वचेच्या वरच्या थरातून आत जात नाही, असं त्यांनी मांडलं. इन्सुलिन सुमारे 5,800 डाल्टनचं. कोलॅजन सुमारे तीन लाखांचं, त्यामुळे क्रीममधलं कोलॅजन ‘खोल मुरण्याचा’ प्रश्नच येत नाही. लहान रेणू जातात, निकोटिनचा पॅच त्यावरच चालतो. पण कोण किती जाईल हे रेणूवर आणि त्वचेवर ठरतं. सगळ्या केमिकलना मिळून एक टक्केवारी लावता येत नाही.

वांग आणि सनस्क्रीन: या क्रीममध्ये ऊन अडवणारं काही नाही. वांग उन्हाने गडद होतात, म्हणून वांग असलेल्या बाईने सनस्क्रीन सोडणं सर्वांत महागात पडतं. मावशीला आहेत.

आता ते क्रीम घ्यावं का? मावशीनेच डबी माझ्या हातात दिली, ‘तूच लावून सांग’ म्हणाली. डिसेंबरच्या थंडीत चार आठवडे डाव्या गालाला ला मेर आणि उजव्या गालाला निव्हियाची निळी डबी, असं दोन्ही वेळ लावलं. ला मेर घट्ट असतं. बोटांच्या टोकांत चोळून ते पारदर्शक होऊ द्यायचं आणि मग गालावर दाबायचं. वास मंद, सुरेख. लावायला निव्हियापेक्षा छान वाटतं, हे खरं. चार आठवड्यांनी दोन्ही गाल सारखेच मऊ होते. बहिणीला न सांगता ओळखायला लावलं, तिला ओळखता आलं नाही. एका चेहऱ्याची परीक्षा, तिला संशोधन म्हणणार नाही. पण दोन्ही याद्यांत मिनरल ऑइल, मेण, ग्लिसरीन आणि लॅनोलिन अल्कोहोल आहे हे पाहिल्यावर मला नवल वाटलं नाही. कुणाला तो वास आणि तो स्पर्श हवा असेल, पैसे असतील, तर जरूर घ्यावं. पेन्शनमधून घेऊ नये.

मावशी, हे तू वाचशीलच. आहे ती डबी फेकू नकोस, रात्री चेहऱ्याला लावून संपव. दुसरी मागवू नकोस. व्हॅसलिनची नवीन डबी मी येताना आणते. आणि ओट्यापाशी नळाच्या वर मी कागद चिकटवून आलेय, ‘20 मिनिटं’ लिहिलेला, तो तेवढा काढू नकोस.