आधी चेहरा बघा, मग चिडा

कोरियन मालिका संपवून तुम्ही जपानी मालिकांकडे वळलात, म्हणजे तुमची प्रगती झाली. इथे दहा-अकरा भागांत सगळं आटोपतं, नायक-नायिका एकमेकांचा हात धरायला पाच-सहा भाग घेतात आणि उरलेला वेळ कुणीतरी खिडकीबाहेर बघत बसलेलं असतं. एवढं तुम्हाला झेपेल. पण एखाद्या रात्री साडेअकराला, घर झोपल्यावर, कानात इअरफोन घालून तुम्ही बघत असाल आणि अचानक लक्षात येईल की ज्या दोघांचं जुळावं म्हणून आपण उशी पोटाशी धरून बसलोय त्यातला एक मास्तर आहे आणि दुसरी त्याच्याच वर्गात बसते. पोटात काहीतरी हलेल. घाबरू नका. यावर उतारे आहेत, आणि जपानी प्रेक्षकांनी ते पिढ्यान् पिढ्या घेऊन बघितलेत. आपण नुसते उचलायचे.

पहिला आणि बहुतेक वेळा पुरणारा उतारा म्हणजे चेहरा. समजा, एका गडगंज घरच्या मुलानं शाळेत कुणाच्या तरी नावाची लाल चिठ्ठी काढली आणि अख्खी शाळा त्या जीवावर तुटून पडली. या मुलाला काय म्हणाल? थांबा, उत्तराची घाई नको. तो दिसतो कसा ते आधी बघा. 2005 साली टीबीएस वाहिनीवरच्या 'हाना योरी दांगो'मध्ये तो देखणा नट जुन मात्सुमोतो होता, म्हणून त्याला नायक म्हणायचं. केस कुरळे, कोट महागातला, आणि 'बिचाऱ्याला प्रेम व्यक्त करता येत नाही हो'. हाच पोरगा दिसायला बेताचा असता तर तुम्ही पालकसभेत हात वर करून उभे राहिला असता.

प्रेयसीवर हात उचलणारा असेल तरी डगमगू नका. 2008 च्या 'लास्ट फ्रेंड्स'मधला सोसुके दिवसा वॉर्ड ऑफिसात बालकल्याण विभागात काम करतो आणि घरी येऊन मैत्रिणीला मारतो. इथे तुमच्या तोंडी 'लहानपणी त्याला कुणी माया लावली नसेल' हे वाक्य तयार असू द्या. मार खाणारीच्या लहानपणाबद्दल काही बोलायची पद्धत नाही.

चेहऱ्याचा नियम उलटाही चालतो. 1992 ची 'झुत्तो अनाता गा सुकिदात्ता' घ्या, म्हणजे 'मला कायम तूच आवडत होतास'. हा 'तू' नवरा नव्हे, जुना प्रियकर. लग्न ओमिआईनं झालेलं, आपल्या कांदेपोह्यांसारखंच. आता नवरा मोकळ्या मनाचा, घरकामात हात लावणारा दाखवला असता तर बायकोचं काही खरं नव्हतं. म्हणून लेखकानं त्याला फुलपाखरं टाचून ठेवायचा नाद दिला, एक आई दिली जी सुनेच्या संसारात मुक्कामालाच असल्यासारखी, आणि एक लाकडी घोडा दिला ज्यावर हा बाप्या घरात झुलतो. शिरो सानो या नटानं तो असा काही झुलवला की शेवटच्या भागाला टोकियोभोवतालच्या कांतो भागात 34.1 टक्के टीआरपी मिळाला आणि 'फुयुहिको-सान' हे त्या पात्राचं नाव आईच्या पदराला धरून असलेल्या तमाम नवऱ्यांना चिकटलं. बायकोच्या जुन्या प्रेमाची चौकशी कुणी केली नाही. नवरा घोड्यावर बसला तिथेच निकाल लागला होता.

आता जरा जड प्रकरण. 1993 सालच्या जानेवारी ते मार्चमध्ये शुक्रवारी रात्री दहाला 'कोको क्योशी' लागायची. हायस्कूलचा शिक्षक. लेखक शिनजी नोजिमा. नायक हिरोयुकी सानादा, ज्यांना 2024 मध्ये 'शोगुन' मालिकेसाठी एमी पुरस्कार मिळाल्यावर आपण सगळे त्यांना लहानपणापासून ओळखत असल्यासारखे बोलू लागलो. त्यात ते मुलींच्या शाळेत आलेले जीवशास्त्राचे मास्तर आहेत आणि मायु ही त्यांची विद्यार्थिनी. पहिल्या भागात तुम्ही म्हणाल, अहो, हे बरोबर नाही. म्हणा बिनधास्त. लेखक तुमच्या पुढचा आहे. त्यानं त्याच शाळेत इंग्रजीचा एक मास्तर ठेवलाय, पोरींचा लाडका, जो एका विद्यार्थिनीवर बलात्कार करतो आणि त्याचं चित्रण करून ठेवतो. आणि मायुच्या घरी तिचा बाप ठेवलाय, ज्याचं मुलीशी नातं बापाचं राहिलेलं नाही.

झालं. दगडापेक्षा वीट मऊ. बाप दगड, इंग्रजीचा मास्तर धोंडा, आणि आमचा जीवशास्त्रवाला वीट. विटेनंही डोकं फुटतं हा मुद्दा तिसऱ्या भागानंतर कुणी काढत नाही. उलट ती वीट हातात घेऊन तुम्ही 'किती मऊ, किती मऊ' म्हणत डोळे पुसू लागता. ही युक्ती पाठ करून ठेवा. कुठल्याही नात्यानं बेचैन झालात की मालिकेतला त्याहून वाईट माणूस शोधा. तो असतोच. त्याला त्याच कामासाठी पैसे मिळतात.

तरीही बेचैनी उरली तर गाणं लावा. या मालिकेचं शीर्षकगीत दोजी मोरिता या गायिकेचं, मूळचं 1976 चं. सतरा वर्षं विस्मरणात पडलेलं, मालिकेमुळे पुन्हा घराघरांत पोचलं. 'बोकुताची नो शिप्पाई'. शब्दशः अर्थ 'आमचं अपयश', आपल्या बोलीत 'आमचं चुकलं'. 'आमचं' या शब्दावर जरा रेंगाळा. नोकरी एकाची, गुणपत्रकावर सही एकाची, वयानं मोठा एकच, पण चूक दोघांत सारखी वाटून दिलेली. इतकी न्याय्य वाटणी आपल्याकडे भावाभावांतही होत नाही.

आणि गाण्यानंही भागलं नाही तर मरण. शेवटच्या भागात दोघं पळून निघतात, आगगाडीत एकमेकांना टेकून डोळे मिटून बसलेले, करंगळ्यांना लाल धागा बांधलेला. झोपलेत की मेलेत हे सांगितलेलं नाही. तो भाग 33 टक्क्यांवर गेला आणि ती दोघं जिवंत आहेत का यावर जपानी माणसं पुढे कित्येक वर्षं वाद घालत राहिली. वादाचा विषय किती सोयीचा आहे बघा. मरणानं प्रेम धुऊन निघतं ही समजूत तिकडे जुनी. 1703 मध्ये चिकामात्सु या नाटककारानं ओसाकात एक दुकानातला नोकर आणि एक गणिका यांच्या जोडीनं केलेल्या आत्महत्येवर बाहुल्यांचं नाटक लिहिलं, ते गाजलं, मागून तसली नाटकं आली, आणि प्रेक्षकांतली जोडपीही त्याच वाटेनं जाऊ लागली. अखेर 1720 च्या दशकात शोगुनच्या, म्हणजे तिथल्या लष्करी सत्ताधीशाच्या, सरकारनं असल्या नाटकांवर बंदी घातली. हळहळून थांबतो तो आपला आजचा प्रेक्षक त्या मानानं किती संयमी!

एवढ्यात कुणी तरी म्हणेल, पण मास्तरीण असेल तर? त्याचीही सोय आहे. 1999 मध्ये 'माजो नो जोकेन'मध्ये बाई शिक्षिका आणि पोरगा सतरा वर्षांचा होता, पण पार्श्वभूमीला हिकारु उतादाचं 'फर्स्ट लव्ह' हे गाणं होतं, त्यामुळे वयाचा हिशेब करायला कुणाला सवड मिळाली नाही. खरी परीक्षा झाली 2018 च्या 'चुगाकुसेइ निक्की'ला. बाई पंचवीसच्या, त्यांचं लग्न ठरलेलं. मुलगा पंधराचा. या वेळी मात्र जपानी प्रेक्षकांनीच 'किमोची वारुई' म्हणून नाकं मुरडली. किमोची वारुई म्हणजे किळस येणे, शिसारी बसणे. टीआरपीही सुरुवातीला यथातथाच.

पण शीर्षकातली कारागिरी बघा. 'चुगाकुसेइ निक्की' नुसतं ऐकलं तर अर्थ होतो माध्यमिक शाळेतल्या विद्यार्थ्याची रोजनिशी. लिहिताना मात्र विद्यार्थी या शब्दातलं 'सेइ' हे अक्षर काढून त्याच उच्चाराचं 'पवित्र' या अर्थाचं अक्षर बसवलंय. तेच अक्षर बाईंच्या नावातही आहे. म्हणजे पहिला भाग लागायच्या आधीच विद्यार्थी पाटीवरून पुसला गेला आणि त्या जागी बाई येऊन बसल्या, त्याही पवित्र होऊन. मग मध्यावर एक पाटी येते, 'तीन वर्षांनंतर'. मुलगा आता अठराचा. ही पाटी दिसली की खोल श्वास घ्या आणि रडायला सुरुवात करा, आता परवानगी आहे. जे पंधराव्या वर्षी रुजलं तेच अठराव्या वर्षी उमललं तर ते रुजवलं कुणी, असं विचारणारा माणूस मालिका बघायला नालायक. त्यानं बातम्या बघाव्यात.

विवाहबाह्य प्रकरणांसाठी वेगळी तयारी लागत नाही. 2014 ची 'हिरुगाओ' लावा. दुपारी फुलणाऱ्या एका वेलीचं हे नाव, आणि उपशीर्षक 'कामाच्या दिवशी दुपारी तीनचे प्रियकर'. नायिका सुपरमार्केटात काम करते, नवरा तिला 'मामा', म्हणजे आई, म्हणतो. मूल नाही, पण नाव मामा. एवढं कळल्यावर तिला दुपारी तीनला कुठे जायचंय ते प्रेक्षक स्वतःच रिक्षा करून पोचवतात. ती जाते ती जीवशास्त्राच्या मास्तराकडे. (पुन्हा जीवशास्त्र! भूगोल शिकवणाऱ्यावर जपानी लेखकांचा इतका अविश्वास का, कळत नाही.) त्या मास्तरालाही बायको आहे. तिच्या रागावर प्रेक्षकाचं म्हणणं एकच, बाई जरा अतीच करते.

तिकडे 1947 पर्यंत व्यभिचार हा फौजदारी गुन्हा होता, आणि नवरा-बायकोंपैकी शिक्षा व्हायची ती बायकोला, नवऱ्यानं तक्रार केली तर. आता गुन्हा नाही, पण नवऱ्याच्या किंवा बायकोच्या प्रेमपात्राकडून भरपाई मागता येते. 'हिरुगाओ'तही शेवटी पुन्हा न भेटण्याच्या करारावर सह्या होतात आणि प्रेक्षक त्या कागदावर चिडतो.

मात्र हे सगळं पडद्यापुरतं. 'हिरुगाओ'नंतर दीड वर्षानं, 2016 च्या जानेवारीत, टीव्हीवरच्या एका हसतमुख, लाडक्या तरुणीचं प्रकरण साप्ताहिकानं छापलं. तिच्या जाहिराती गेल्या, कार्यक्रम गेले, कॅमेऱ्यांपुढे वाकून माफी मागावी लागली. विवाहित तो होता, ती नव्हती. तर लक्षात ठेवा, दुपारी तीनचं प्रेम लेखकानं लिहिलेलं असेल तर हळहळायचं आणि खरंच घडलं तर साबणाच्या कंपनीला फोन करायचा.

राहता राहिला रामबाण उतारा. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायचं, 'त्यांची संस्कृतीच वेगळी आहे.' सोबत गेंजीचा दाखला द्यायचा. हजार वर्षांपूर्वीच्या कादंबरीतला हा राजपुत्र दहाएक वर्षांच्या मुलीला घरी आणून वाढवतो आणि पुढे तिच्याशीच संसार करतो. सांगताना आवाज खाली आणायचा, म्हणजे अभ्यास वाटतो. कायद्याचंही सांगायचं, की 1907 च्या दंडसंहितेत संमतीचं वय तेराच होतं. प्रांतोप्रांतीचे अठराखालच्या मुलांना जपणारे नियम वेगळे होते, ते सांगायची गरज नाही.

हेही सांगू नका की मार्च 2019 मध्ये नागोयाकडच्या एका न्यायालयानं मुलीवर अत्याचार करणाऱ्या बापाला सोडून दिलं, तिची इच्छा नव्हती हे मान्य करूनही. की त्यानंतरच्या एप्रिलपासून दर महिन्याच्या 11 तारखेला बायका आणि पुरुष हातात फुलं घेऊन रस्त्यावर उभे राहू लागले, आणि आपल्यावर काय झालं ते माइक हातात घेऊन सांगू लागले. की वरच्या न्यायालयानं तो निकाल फिरवला, आणि जुलै 2023 पासून संमतीचं वय सोळा झालं. ही सगळी माणसंही जपानीच होती, आणि त्यांची संस्कृतीही तीच. पण हे बोललात तर उतारा बाधणार.

एवढी पथ्यं पाळूनही माझा एकदा घात झाला, तो सांगते म्हणजे तुम्ही सावध राहाल. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली माझी मावशी मुक्कामाला होती. तिला झोप नव्हती, मी 'चुगाकुसेइ निक्की' लावलेली. ती येऊन शेजारी बसली. इअरफोन माझ्या कानात, आणि खाली इंग्रजीत धावणाऱ्या ओळी तिच्या चष्म्याच्या पल्याड. म्हणजे तिला गाणं नाही, संवाद नाही, फक्त चित्र. मुलगा बाईंकडे बघत होता, बाई मुलाकडे, केस वाऱ्यावर, प्रकाश अगदी तुपासारखा. मी उशी पोटाशी धरली.

"अगं, हा कितवीत?"

"दहावीत म्हण हवं तर."

"आणि ही?"

"ती त्याची वर्गशिक्षिका."

मावशी थोडा वेळ बघत राहिली. मग मुलाची आई पडद्यावर आली. ही या मालिकेतली खाष्ट बाई, मध्ये मध्ये कडमडणारी. तिच्यावर मी मनातल्या मनात दात खाल्ले. मावशी मात्र पुढे सरकून बसली.

"ही आई ना त्याची? बरोबर बोलत असणार. काय म्हणतीय?"

मी इअरफोन काढून दिला. तिनं कानाला लावला, जपानी ऐकलं, परत दिला.

"बोर्डाचं वर्ष आहे पोराचं," ती म्हणाली, "हेडमास्तरांना कळवलं का कुणी?"

तेव्हा मालिका लावण्याआधी घरात कुणी मास्तरकी केलेलं माणूस जागं नाही ना, एवढं बघून घ्या. असेल तर दूध गरम करून द्या, पंखा लावून द्या, आणि दार ओढून घ्या.