के फॉर कवठेमहांकाळ

दर खंडेनवमीला ज्याला मी हळदकुंकू वाहते, वर झेंडूचं फूल ठेवते, त्या कॉम्प्युटरनं गेल्या मंगळवारी मला विचारलं, बाई, तुम्ही कोण? तेही इंग्रजीत.

आधीचं भराभर सांगते. मी सांगलीत घरबसल्या सात-आठ दुकानांचे आणि मार्केट यार्डातल्या दोन हळद अडत्यांचे हिशेब लिहिते. कॉम्प्युटर २०१२ चा. विंडोजची सातवी त्यानं इमानेइतबारे केली, फुकट प्रवेश चालू होते तेव्हा एकदम दहावीत गेला आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला दहावीचा वर्गच बंद झाला. अकरावीला प्रवेश नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, प्रोसेसर अलीकडच्या पिढीचा लागतो, आणि आमचा डबा त्याआधीच्या पिढ्यांतला. मुलगा हुशार, पण वय आडवं आलं. सुरक्षेचे अपडेट आणखी वर्षभर, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळवायची सोय आहे. तिला मी एटीकेटी म्हणते. त्या एटीकेटीच्या भरवशावर हरभट रोडच्या एका गल्लीतल्या दुकानात कॉम्प्युटर नेला. "काकू, एसएसडी, म्हणजे फास्ट डिस्क टाकू, नवीन दहा मारू, घोड्यागत पळंल बघा," असं तिथला पोरगा म्हणाला आणि मी हो म्हणाले.

मी काही अगदीच अडाणी नाही. आदल्या रात्री सगळ्या वह्यांचा, म्हणजे फायलींचा, बॅकअप घेतला होता. वर 'प्रोग्राम फाइल्स' हे अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर उचलून ठेवलं होतं. हा सल्ला आमच्या ह्यांचा. प्रोग्राम तिथंच राहतात, तर घरासकट उचल, नव्या जागी ठेव, असा त्यातला सिद्धान्त. पोरानं पेन ड्राइव्ह लावून बघितला आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी डॉक्टर मंडळी अंगारा लावून आलेल्या पेशंटकडे बघतात. प्रोग्राम एका फोल्डरात राहत नाही म्हणे. तो आल्या दिवशी स्वतःची नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, करतो, काही फायली विंडोजच्या घरात ठेवायला देतो, आणि लायसन्सचा कागद तर कुठल्याशा लपवलेल्या फोल्डरात पुरतो. म्हणजे भाडेकरूची भांडी-गाद्या टेम्पोत भरल्या, पण त्याचं रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक, मतदारयादीतलं नाव सगळं जुन्या पत्त्यावरच राहिलं. अठ्ठावीस जीबीची भांडी-गादी घेऊन मी दुकानात बसले होते. त्यातला मराठी फॉन्ट तेवढा उचलून टाकल्या टाकल्या चालला. बिचारा गरीब स्वभावाचा.

विंडोजही शहाणी निघाली. तिचं लायसन्स मदरबोर्डाशी बांधलेलं असतं, इंटरनेट लागल्यावर तिनं घर ओळखलं आणि मुकाट आत आली. आडमुठेपणा केला तो पत्रं आणि तक्ते बनवायच्या पॅकेजनं. नाव सांगत नाही. रोख पैसे मोजून, पक्की पावती घेऊन घेतलेलं पॅकेज. त्याला किल्ली हवी होती. पंचवीस अक्षरांची, पाच-पाचाचे पाच गट.

किल्ली माझ्याकडे होती. घरी होती, कार्डावर होती, आणि ते कार्ड २०१९ च्या पुरात भिजलेलं होतं. पाणी गावभागात शिरलं तेव्हा आम्ही माळ्यावर आधी सासूबाईंना चढवलं आणि मग कॉम्प्युटरला, हा क्रम मी आजही सर्वांसमोर ठामपणे सांगते. कागदांची पिशवी मात्र खालीच राहिली. तेव्हापासून त्या कार्डावरच्या अक्षरांना ओल आल्यासारखी सूज आहे. मी मुलीला फोन लावून कार्ड शोधायला लावलं, स्पीकर चालू केला, आणि तिनं पहिलंच अक्षर असं वाचलं, "बी. नाहीतर आठ."

इथे त्यांचा प्रवेश झाला.

कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत एक गृहस्थ बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी, वय अठ्ठ्याहत्तर (हे त्यांनीच सांगितलं, दोनदा). नोव्हेंबर महिना, म्हणजे पेन्शनवाल्यांचा हयातीच्या दाखल्याचा. त्यांच्या बोटांचे ठसे मशिनला सकाळपासून उमटत नव्हते. पोरानं बोटं ओल्या फडक्यानं पुसून झाली, खोबरेल लावून झालं, दहाच्या दहा बोटं दाबून झाली. सरकारच्या लेखी ते अजून निश्चित नव्हते.

"वहिनी," ते म्हणाले, "असं नुसतं बी म्हणायचं नसतं. बी, डी, पी, टी, व्ही, सगळी फोनवर सारखीच ऐकू येतात. मी तार खात्यात होतो. छत्तीस वर्षं. द्या तो फोन."

मी फोन कधी दिला ते मला आठवत नाही. तो त्यांच्या हातात होता.

"हं बाळ, आता मी सांगतो तसं सांगायचं. बी असेल तर बी फॉर बुधगाव. आठ असेल तर आठ, आकडा. जे फॉर जत. टी फॉर तासगाव. पी फॉर पलूस. के फॉर कवठेमहांकाळ."

"आजोबा, के फॉर कडेगाव चालेल का? छोटं आहे," मुलगी पलीकडून म्हणाली.

"कवठेमहांकाळ! तारेत गावं बदलायची नसतात. आणि आजोबा नाही, काका म्हण."

मग जे सुरू झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. मुलगी घरून जिल्ह्याचा भूगोल सांगते आहे, काका मान डोलावून तो मोठ्यानं परत उच्चारत आहेत, झेरॉक्सला आलेले चार जण ऐकत उभे आहेत, आणि पोरगा बडवतो आहे. पहिला गट चुकला. दुसऱ्यांदा चुकला. काकांनी उठून पडद्यात डोकं घातलं.

"अरे, व्ही सांगितला तर डब्ल्यू का मारलास?"

"तुम्ही वाळवा म्हणालात की."

"मी विटा म्हणालो! व्ही फॉर विटा. डब्ल्यू फॉर वाळवा."

"पण दोन्ही व च आहेत की ओ."

काका थांबले. छत्तीस वर्षांत हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. "कुठला तू?"

"जयसिंगपूरचा."

"तरीच," काका म्हणाले, आणि जिल्ह्याची हद्द ओलांडून आलेल्या त्या पोराला त्यांनी मनातल्या मनात माफ केलं.

क्यू आला तेव्हा सगळेच अडले. क्यूवरून सांगली जिल्ह्यात गाव नाही. काकांनी डोळे मिटले, उघडले आणि जाहीर केलं, "क्यू फॉर रेशन." लाइन या अर्थी. पोरानं आर मारला. एक्सला महालक्ष्मी एक्स्प्रेस आली. पोरगा एम मारणार तेवढ्यात मी त्याचा हात धरला. एफला फळमार्केट घेतलं, त्यावर झेरॉक्सवाल्यांपैकी एकानं ते पीएच होत नाही का अशी शंका काढली, तर काका त्याला म्हणाले, "तुम्ही तुमचा सातबारा बघा."

सगळ्यात जास्त वाईट काकांना वेगळ्याच गोष्टीचं वाटलं. शेवटच्या गटापाशी आल्यावर ते म्हणाले, "वहिनी, अख्ख्या किल्लीत सांगली आलीच नाही." पोरानं खुलासा केला. असल्या किल्लीत एस घेतच नाहीत, तो पाचासारखा दिसतो म्हणून. आणि पाचही घेत नाहीत. ओ नाही, शून्य नाही. आय नाही, एक नाही. लोकांचा घोटाळा होऊ नये म्हणून.

"आणि बी आणि आठ?" मी विचारलं.

"ते घेतात की."

"जी आणि सहा?"

"ते पण."

हे ज्यानं ठरवलं त्याला एकदा पुरातून काढलेलं कार्ड वाचायला द्यायला हवं.

किल्ली एकदाची बसली. आणि पॅकेज म्हणालं की किल्ली बरोबर आहे, पण ठरल्यापेक्षा जास्त वेळा वापरली गेली आहे. वापरली गेली आहे? तेरा वर्षांत कॉम्प्युटर चार वेळा फॉरमॅट झाला, चारही वेळा तोच डबा, तीच मी, तेच टेबल. घराचं कुलूप चार वेळा उघडलं म्हणून पाचव्यांदा घराबाहेर उभं करायचं? आमच्या हरिपूरला पेवं होती. जमिनीतल्या त्या खड्ड्यांत हळद ठेवायची, वर माती लिंपायची, आणि वर्षांनी काढली तरी हळद हळदच निघायची. मालक कोण, हे हळद विचारत नव्हती.

आता फोनवरून मंजुरी घ्यायची. पडद्यावर सहा-सहा आकड्यांचे नऊ गट, म्हणजे चोपन्न आकडे, फोनवरच्या मशिनला द्यायचे. मग ते आठ गटांत अठ्ठेचाळीस आकडे सांगणार, ते आपण डब्यांत भरायचे. पोरानं कपाळाला हात लावला. काकांनी मात्र पिशवीतून चष्मा आणि पेन्सिल काढली. खरं सांगते, तो माणूस त्या क्षणी दहा वर्षांनी तरुण झाला. चोपन्न आकडे त्यांनी एका लयीत, न अडखळता, चढउतार न करता वाचले. मग मशिनमधली बाई बोलायला लागली आणि काकांची पेन्सिल तिच्यापुढे अर्धा आकडा चालत होती. पेन्शनच्या कागदाच्या पाठीमागे अठ्ठेचाळीस आकडे, एकही खाडाखोड नाही. पहिल्या फटक्यात मंजुरी. झेरॉक्सवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

"२०१३ च्या जुलैत बंद केली तार," काका कागदाची घडी घालत म्हणाले. "गरज नाही म्हणाले."

यावर काय बोलणार? मी चहा मागवला.

त्यांचंही काम झालं. पोराला अचानक आठवलं की ठसे उमटत नसतील तर मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो. मग इतका वेळ बोटांना खोबरेल का चोळलंस, हे कुणीच विचारलं नाही. काका भिंतीला टेकून ताठ उभे राहिले. "आजोबा, डोळे मिचकावा." त्यांनी आयुष्यभराची अब्रू पणाला लावल्यासारखे डोळे मिचकावले. झालं. हयात. आणखी एक वर्ष.

माझं मात्र हिशेबाचं सॉफ्टवेअर राहिलं होतं, आणि वीस तारखेला जीएसटीची ३बी भरायची. त्याचा नियम असा, की लायसन्स आधी जुन्या मशिनवरून सोडायचं, मग नव्यावर घ्यायचं. मी म्हटलं, लावा जुनी हार्डडिस्क, सोडू. पोरगा अभिमानानं म्हणाला, "ती पण क्लीन मारली काकू. डी ड्राइव्हला लावली. जागा वाढली तुमची."

म्हणजे आता लायसन्स ज्या मशिनवर आहे ते मशिन माझ्यासमोर आहे आणि जगात कुठेही नाही. कंपनीच्या मदत केंद्रानं फार गोड आवाजात सांगितलं, की मॅडम, काळजी करू नका, आम्ही इथून सोडवू, फक्त नोंदणीकृत मेलवर ओटीपी जाईल. नोंदणीकृत मेल माझा नाही. २०१२ साली ज्यानं सॉफ्टवेअर विकलं त्यानं सगळ्या गिऱ्हाइकांना स्वतःचाच मेल टाकला होता, "कशाला ताई तुम्हाला त्रास" म्हणून. दर वर्षी वर्गणी भरते ती मी. पावतीवर नाव माझं. जीएसटी माझ्याकडून घेतात, तेव्हा मी कोण हे त्यांना बरोबर कळतं. आणि माझ्याच वह्या उघडायला परवानगी त्या माणसाची, जो दुकान बंद करून कधीच पुण्याला गेला.

त्याला शोधला. आता प्लॉट विकतो. बोलायला अजून तसाच गोड. त्या मेलचा पासवर्ड तो विसरला आहे, आणि नवीन पासवर्ड घ्यायचा तर कोड त्याच्या जुन्या मोबाइल नंबरवर जातो. तो नंबर त्यानं सोडून दिला, कंपनीनं दुसऱ्या कुणाला दिला. त्या नंबरवर मी फोन केला. एक शेळ्या पाळणारे गृहस्थ आहेत, मागे शेळ्या ओरडत होत्या. माणूस सज्जन वाटला. सगळं ऐकून घेतलं, कोड आला की कळवतो म्हणाले, फक्त इंग्रजी अक्षरं असली तर कशी सांगू असं विचारलं.

मी म्हटलं, तुमचं गाव कुठलं?

जत.