‘ब्रदरची नोकरी, पगार डॉलरमध्ये’ : खुलासा

‘बारावी पास मुलांना परदेशी चर्चच्या शाळेत ब्रदरची नोकरी, पगार डॉलरमध्ये, कागदपत्रांचे पैसे आधी भरा’ असा मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरतो आहे. सोयाबीनचे हाती आलेले पैसे कृपा करून त्यात घालू नका.

कॅथलिक चर्चमध्ये ब्रदर ही नोकरी नाही, ते आयुष्यभराचं व्रत आहे. ब्रदर म्हणजे फादर (धर्मगुरू) ही नव्हे: तो मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) करत नाही, लोकांची पापांची कबुली ऐकत नाही, वर्गात गणित, भाषा शिकवतो. फ्रान्समध्ये 1680 च्या सुमारास जाँ-बाप्तिस्त द ला साल यांनी अशा शिक्षकांचा संघ उभा केला.

वाट लांब आहे. आधी काही काळ संघात राहून पारख, मग किमान 12 महिन्यांचं नॉव्हिशिएट, म्हणजे व्रतांआधीचा तयारीचा काळ, त्यासाठी वय 17 पूर्ण हवं. नंतर दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालनाची तात्पुरती व्रतं, निदान 3 वर्षं. कायमची व्रतं 21 च्या आधी नाहीतच. शाळेचा पगार, पुढे पेन्शनसुद्धा, संघाच्या खात्यात जातं. परदेशी कुठे जायचं हे वरिष्ठ ठरवतात, एजंट नाही.

‘चर्च शेत घेतं’ ही भीतीही चुकीची. बहुतेक शिक्षक-संघांत सातबाऱ्यावरचं नाव तसंच राहतं. पहिल्या व्रतांआधी ब्रदर होणाऱ्याने फक्त कारभार कोणाकडे द्यायचा ते ठरवायचं. भावाला वहिवाट दिली तरी चालते. कायमच्या व्रतांआधी मात्र मृत्युपत्र करावं लागतं.

अशा नोकरीचं पत्र आलंच, तर पैसे भरण्याआधी अमरावती किंवा नागपूरच्या बिशप कार्यालयात दाखवा.