‘जुना माळी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

पुन्हा पुन्हा फुलणाऱ्या हायड्रेंजिया या फुलझुडपावरील माझ्या लेखाला आपण आठ ओळींची प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे असे: ही जात नव्या फांदीवरही फुलते, तेव्हा मार्च-एप्रिलमध्ये छाटू नका हा माझा सल्ला निरर्थक आहे. कॉफीच्या चोथ्याने फुले निळी होत नाहीत. पाणी मी जास्त सांगितले आहे. आणि ‘लेखिकेने सिकेटर (छाटणीची कात्री) हातात धरण्याआधी थोडे वाचन करावे’, असाही आपला सल्ला आहे.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण मला लागले ते तेच. मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु न्यू जर्सीतल्या या घरामागे मी १९ वर्षे माती उकरते आहे आणि त्याआधी वाईला आजोळच्या परसात आजीने जास्वंदीची फांदी डोळ्याच्या (कोंब फुटतो त्या जागेच्या) वर तिरपी कापायला शिकवली, तेव्हा मी सात वर्षांची होते. पुस्तकाआधी कात्री हातात आली हे खरे. त्यात उणेपणा तो कोणता, हे आपणच सांगावे. आपण स्वतः किती झुडपे लावलीत, कोणत्या हवेत लावलीत, याचा मात्र त्या आठ ओळींत कुठेही पत्ता नाही.

आता वाचनाबद्दल. मी जिच्याविषयी लिहिले ती ‘एण्डलेस समर’ ही जात १९९८ मध्ये मिनेसोटातील बेली नर्सरीत उद्यानतज्ज्ञ मायकेल डर यांच्या नजरेस पडली आणि २००४ मध्ये बाजारात आली. ती जुन्या आणि नव्या अशा दोन्ही फांद्यांवर फुलते, हे माझ्या लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात आहे. आपण त्यातले ‘नव्या’ तेवढे उचललेत आणि ‘जुन्या’ तिथेच ठेवलेत.

चार वर्षांपूर्वी आमच्याकडे गवत कापायला येणाऱ्या माणसाने, मी घरी नसताना, नोव्हेंबरात माझी दोन्ही झुडपे जमिनीपासून वीतभर ठेवून छाटून टाकली. पुढच्या जूनमध्ये शेजारणीच्या कुंपणालगत निळे गुच्छ डोलत होते आणि माझ्याकडे नुसता हिरवागार पाला होता. पहिला गुच्छ ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आला. पहिले दहिवर गोठेपर्यंत दोन्ही झुडपांवर मिळून पाच. फुले आली, हे आपल्या बाजूने धरा हवे तर. पण जूनचा बहर आणि ऑगस्टची पाच फुले यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने दुसऱ्याला वाचनाचा उपदेश करू नये.

कारण साधे आहे. जूनमध्ये उमलणारा गुच्छ आदल्या उन्हाळ्याच्या अखेरीसच फांदीच्या टोकाशी, टपोऱ्या डोळ्यात बसलेला असतो. मार्चमध्ये ती फांदी सुकलेल्या काडीसारखी दिसते, म्हणून हात शिवशिवतो. मी मेच्या मध्यापर्यंत थांबते, मग नखाने साल किंचित खरवडते. खाली ओले हिरवे दिसले तर फांदी राखायची, कोरडे तपकिरी दिसले तर खालच्या पहिल्या जिवंत डोळ्याच्या जोडीपर्यंत उतरवायची. इथला मार्च हा महाराष्ट्रातला मार्च नव्हे. एप्रिलअखेरही इथे कडाक्याची रात्र येते, आणि घाईने छाटून फुटवलेले कोवळे कोंब तीत काळे पडतात.

कॉफीच्या चोथ्याबद्दल आपले बरोबर आहे. निळा रंग येतो तो मुळांना मातीतले ॲल्युमिनिअम मिळाल्याने, आणि त्यासाठी मातीचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप) साधारण ५.५ किंवा त्याखाली लागतो. मूठभर चोथ्याचे ते काम नव्हे. ती ओळ मी आजच बदलली आहे. चूक दाखवल्यावर मी ती मान्य करते, हे यावरून आपल्या लक्षात यावे.

पाण्याविषयी वाद घालण्यात मला रस नाही. दुपारी मान टाकलेली पाने संध्याकाळी आपोआप सावरत असतील तर पाणी घालू नये, हे लेखात स्पष्ट लिहिलेले आहे. शेवटपर्यंत वाचले असते तर दिसले असते.

पुढची प्रतिक्रिया लिहिताना आपले गाव कोणते, झुडूप किती वर्षांचे आणि गेल्या जूनमध्ये त्यावर किती गुच्छ होते, एवढे कृपया कळवावे.