हलगी, कॅसेट आणि १२८ चा बिटरेट : इचलकरंजीच्या दादांना उत्तर

दादा, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया आली त्याच रात्री वाचली होती, पण दोन ओळींत काहीतरी खरडून मोकळं व्हायचं नव्हतं. तुम्ही मेलवर दोन फाइली पण पाठवल्या होत्या, त्या नीट ऐकल्याशिवाय बोलणं बरं नव्हे म्हणून आठवडा गेला, राग मानू नका.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. एमपीथ्री, एएसी, ओपस या आवाज दाबून लहान फाइल करायच्या पद्धती, त्यात थोडा आवाज कायमचा जातो, फ्लॅकमध्ये दाबताना काहीच जात नाही. आणि १२८, ३२० हा बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती किलोबिट वापरायचे तो आकडा. मागच्या लेखात मी लिहिलेलं की रोजच्या ऐकण्याला १२८ चं ओपस किंवा २५६ चं एएसी भरपूर झालं, एमपीथ्री असली तर १२८ पण चालतंय, फरक कुणाला कळत नाही. त्यावर दादांचं म्हणणं असं की पंचवीस वर्षं साउंडच्या धंद्यात काढली, ३२० ची एमपीथ्री आणि फ्लॅक यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, ज्याला तो ऐकू येत नाही त्यानं पोरांना शिकवायला जाऊ नये, आणि ‘आधी हलगी लावून बघा, मग १२८ चं कौतुक सांगा’.

हलगीचं आधी बोलतो, कारण तिथं तुम्ही बरोबर आहात आणि मी चुकलो.

तुमचं वाचल्यावर मी कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एका तालमीत ओळखीच्या वादकांकडं गेलो. त्यांनी आधी हलगी जाळावर शेकून घेतली, कातडं ताणल्यावर जो टणत्कार निघतो तो बंद खोलीत अक्षरशः कानात टोचतो. घुमकं आणि कैताळ ही साथीची वाद्यं बाजूला ठेवायला सांगितलं, नुसती हलगी, मध्ये मोकळी जागा सोडून एकेक ठोका. हे २४ बिट ४८ हजारवर (म्हणजे सेकंदाला आवाजाची ४८ हजार मोजमापं, सॅम्पल) रेकॉर्ड केलं आणि घरी येऊन त्याची १२८ ची एमपीथ्री बनवली. पहिल्याच ठोक्याला लक्षात आलं. काडी कातड्यावर पडायच्या अगदी क्षणभर आधी एक बारीक ‘फस्स’ येतं, आणि ठोक्याची धार बोथट होते. मूळ फाइलमध्ये तिथं शांतता आहे.

हे का होतं ते सांगतो, मागच्या लेखात हे मी गाळलंच होतं. एमपीथ्री आवाजाचे तुकडे पाडून काम करते, सेकंदाला ४४.१ हजार सॅम्पल असतील तर एक तुकडा, म्हणजे फ्रेम, ११५२ सॅम्पलची म्हणजे साधारण २६ मिलिसेकंदांची. त्या तुकड्यातल्या कंपनसंख्या वेगळ्या काढायच्या आणि मोठ्या आवाजाखाली जे झाकलं जातंय ते ढोबळ करून टाकायचं, जागा वाचते ती इथं. पण ढोबळ केल्यामुळं जी चूक शिल्लक राहते ती तुकडाभर पसरते. ठोका तुकड्याच्या शेवटी असला तर ती चूक ठोक्याच्या आधीच्या शांततेत येऊन बसते. आता आपल्या कानाची गंमत अशी की मोठ्या आवाजानंतरचा बारीक आवाज शंभर-दीडशे मिलिसेकंदांपर्यंत झाकला जातो, पण मोठ्या आवाजाच्या आधीचा मात्र फक्त काही मिलिसेकंदच. म्हणून ते ‘फस्स’ ऐकू येतं. एन्कोडर, म्हणजे दाबणारा प्रोग्रॅम, असं दिसलं की छोटे तुकडे वापरतो, पण १२८ मध्ये तेवढे बिटच हाताशी नसतात. एएसीचे छोटे तुकडे एमपीथ्रीपेक्षा बरेच लहान आहेत, ओपसचे तर अडीच मिलिसेकंदांपर्यंत खाली जातात, त्यामुळं तीच हलगी १२८ च्या ओपसमध्ये मला मूळ फाइलपासून वेगळी काढता आली नाही. म्हणजे ‘१२८ ला भरपूर झालं’ हे वाक्यच अर्धवट होतं, १२८ चं काय ते सांगायला पाहिजे होतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीची एमपीथ्री आणि २०१२ चं ओपस एका मापात मोजायचं नसतं. लेखात ती ओळ आज बदललीय.

आता ३२० आणि फ्लॅकचं. इथं मात्र मी मागं सरणार नाही.

तुम्ही पाठवलेल्या दोन्ही फाइली मी ऑडॅसिटी या प्रोग्रॅममध्ये स्पेक्ट्रोग्राम (कुठल्या कंपनसंख्या किती आहेत त्याचं चित्र) लावून बघितल्या. फ्लॅक तुम्ही स्वतः सीडीवरून काढलेली, ती वरपर्यंत भरलेली दिसते, जुन्या टेपची खरखरसुद्धा २० हजार हर्ट्झच्या पुढं जाते. आणि ३२० वाली, जी तुम्हाला कुणीतरी पेनड्राइव्हवर दिली, ती बरोबर १६ हजारवर विळीनं कापल्यासारखी सपाट कापलेली आहे, त्याच्यावर काळंकुट्ट. नीट बनवलेली ३२० ची एमपीथ्री अशी दिसत नाही, ती २० हजारच्या आसपासपर्यंत जाते. ही कुणीतरी आधी १२८ किंवा त्याच्याही खालची केलेली फाइल परत ३२० मध्ये घातलेली आहे. पातळ ताक मोठ्या पातेल्यात ओतलं म्हणून त्याचं दही होत नाही ना, तसं. तेव्हा दादा, तुमचे कान अजिबात खोटं बोलत नाहीत, तुम्हाला जो फरक ऐकू आला तो आहेच, मलाही आला. फक्त तो ३२० आणि फ्लॅकमधला नाही, फाइलवर लिहिलेला आकडा खोटा आहे.

मग मी तुमच्याच फ्लॅकपासून लेम एन्कोडरनं ३२० बनवली आणि फूबार या प्लेयरमध्ये एबीएक्स लावलं. ज्यांनी केलं नाही त्यांच्यासाठी, ए म्हणजे मूळ, बी म्हणजे दाबलेली, आणि एक्स या दोनपैकी कुठलीतरी एक, कुठली ते प्रोग्रॅम ठरवतो आणि आपल्याला सांगत नाही. सोळा वेळा ओळखायचं. बारा किंवा जास्त बरोबर आले तर फरक ऐकू येतो म्हणायला जागा आहे, कारण नुसत्या नशिबावर तेवढे यायची शक्यता शंभरात चारच्या आतबाहेर आहे. माझे नऊ आले. हलगीच्या १२८ एमपीथ्रीला सोळापैकी पंधरा आले होते, म्हणजे माझ्या कानाचा किंवा हेडफोनचा दोष नाही. तुम्ही हे करून बघाच, माझ्यापेक्षा तुमचा कान तयार आहे, तुमचे चौदा आले तर मी तसं ठळक अक्षरात लेखात घालीन. फक्त दोन गोष्टी सांभाळा. दोन्हीचा व्हॉल्यूम तंतोतंत सारखा पाहिजे, कारण अर्धा-एक डेसिबलनं मोठी वाजणारी फाइल बहुतेकांना ‘जास्त चांगली’ वाटते. आणि वायरचा हेडफोन घ्या. तुम्ही लिहिलंय की ब्लूटूथवर सुद्धा फरक कळतो, पण साध्या ब्लूटूथवर फोन सगळं परत एसबीसी नाहीतर एएसीमध्ये दाबूनच पाठवतो, म्हणजे फ्लॅक लावली तरी कानात जाते ती दाबलेलीच.

साइझचं पटकन. सीडीचा आवाज सेकंदाला १४११ किलोबिट, म्हणजे तासाला ६३५ एमबी. फ्लॅकमध्ये बहुतेकदा निम्म्याच्या आसपास येतं, ३२० ला १४४ एमबी, १२८ ला ५८ एमबी. फ्लॅकची लेव्हल ० ठेवा नाहीतर ८, आवाज बिट न् बिट तोच, फक्त फाइल थोडी लहान-मोठी.

आणि तुम्ही शेवटी विचारलंय ना, ‘मग तुम्ही स्वतः सगळं फ्लॅकमध्ये का ठेवता’, त्याचं उत्तर ऐकण्याशी नाहीच. आमचे आजोबा शुक्रवार पेठेत भजनी मंडळात गायचे. काकांनी टू-इन-वनवर त्यांच्या अकरा कॅसेट भरल्या होत्या. २००८ साली मी त्या कॉम्प्युटरवर घेतल्या, माझ्याकडं १ जीबीचा पेनड्राइव्ह होता आणि त्यात सगळं बसवायचं होतं म्हणून ६४ च्या एमपीथ्री केल्या, मूळ न दाबलेल्या वेव्ह फाइली पुसल्या. तेव्हा घरच्या स्पीकरवर चांगलं वाटलं. कॅसेट पत्र्याच्या ट्रंकेत खालच्या खोलीत राहिल्या आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी घरात आलं. आठ दिवसांनी ट्रंक उघडली तेव्हा टेपला चिखल धरलेला. आता आजोबांचा आवाज आहे तो त्या ६४ मध्येच. मागचे टाळ पाण्याखाली वाजवल्यासारखे गोल-गोल फिरतात, कॅसेटच्या खरखरीवर पण एन्कोडरनं बिट घालवलेत कारण त्याच्या दृष्टीनं तो पण आवाजच, आणि आजोबा अभंगाच्या आधी जो लांब ‘राम कृष्ण हरी’ घ्यायचे त्यातला शेवटचा ‘री’ विरताना मध्येच तुटतो. ऐकायला घरातल्या कुणालाच त्रास होत नाही, मला होतो, कारण ती कात्री मी लावलीय.

म्हणून मी फ्लॅक ठेवतो. त्यातून उद्या ओपस करा, परवा अजून काही नवीन आलं तर ते करा, मूळ हातात राहतं.

तुम्ही लिहिलंय की गोदामात गणपतीच्या मंडपातल्या आणि सप्ताहातल्या कॅसेटची दोन खोकी पडलीत. दादा, ३२० की फ्लॅक हे भांडण आपण नंतर करू, पावसाळ्याच्या आत ती खोकी उघडा. डेकचं हेड स्पिरिटनं पुसून घ्या, हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू प्रत्येक कॅसेटला टाळाचा आवाज जास्तीत जास्त लख्ख येईपर्यंत किंचित फिरवा, आणि २४ बिटला फ्लॅकमध्ये उतरवून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, त्यातली एक वरच्या मजल्यावर. माझ्याकडं चांगला डेक आहे, एखाद्या रविवारी घेऊन येतो. आणि खोक्यात शुक्रवार पेठेच्या भजनी मंडळाची कॅसेट निघाली, १९८० च्या आसपासची, तर ती मात्र लावू नका, आधी मला फोन करा.